लाइनमधली खरखर

हिम्मतरावांनी मोठ्या पाकिटातून स्कॅनची फिल्म काढली आणि इराण्याच्या हॉटेलच्या खिडकीला लावून धरली. हैदराबादेतल्या नामपल्लीच्या रस्त्यावरचं ऊन आरपार आलं आणि त्यांचाच गळा बारा चौकोनांत उजळून निघाला. कमरुद्दीनभाईंनी चष्मा पुसला. राजेश्वरम्मा खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

“ये सफेद क्या है, रावसाब?” कमरुद्दीनभाईंनी विचारलं.

“हड्डी है.”

“पक्का?”

“डॉक्टर बोले. गांठ नै, कुछ नै. सब साफ.”

कमरुद्दीनभाई तरीही एकेक चौकोन निरखत राहिले. अफझलगंजात चाळीस वर्षं पुस्तकं बांधलेला माणूस. पान न् पान स्वतः पाहिल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. शेवटी “हौ, साफ है!” म्हणत त्यांनी टेबलावर अशी थाप मारली की सगळ्यांचा चहा बशीत आला.

गेल्या उन्हाळ्यात सात आठवडे ही तिघं रेडिएशनच्या खोलीबाहेर एकाच बाकावर बसत. दुखणं तिघांचंही घशाचं. बाकी दोघांचे रिपोर्ट आधीच चांगले आले. हिम्मतरावांच्या वेळी मात्र डॉक्टरांना एका गाठीची शंका आली आणि तीन महिने थांबून पुन्हा स्कॅन करायचं ठरलं. त्या तीन महिन्यांत एकही गुरुवार असा गेला नाही, की ही दोघं या हॉटेलात त्यांच्याजवळ येऊन बसली नाहीत. राजेश्वरम्मा सिकंदराबादच्या शाळेत गणित शिकवून दोन बस बदलून येत. गाठीचा विषय कुणी काढत नसे. निवडणुका, क्रिकेट, चौकाचौकात निघालेले फोनचे बूथ, यांवरच दोन तास सहज जात.

आज राजेश्वरम्मांनी पायसम् आणलं होतं, कमरुद्दीनभाईंनी घरून खुबानी का मीठा, जर्दाळूंचं गोड. तिघांच्याही तोंडाला कायमची कोरड, सुकं काही घशाखाली उतरायचं नाही.

“दावत ऐसी होना,” कमरुद्दीनभाई वाटी पुढे सरकवत म्हणाले, “के चबाने का कामच नक्को!”

शेजारी बसलेल्या हिम्मतरावांच्या पत्नी, सत्यवतीबाई, इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग तिन्ही पेशंटांनी मिळून त्यांना पाणी पाजलं.

डोळे पुसत त्या उठल्या. “दर्शीला कळवून येते. पुण्यात पोरगी फोनपाशी बसली असेल.”

राजेश्वरम्मांनी त्यांचा हात धरला. “आप बैठो अम्मा. वो करेगा.”

“ते फोनवर बोलत नाहीत हो... फोन पे बात नहीं करते.”

हे खरं होतं. सव्वीस वर्षं नामपल्ली स्टेशनवर गाड्या सांगणारा आवाज हिम्मतरावांचा होता. उपचारानंतर उरला तो राखेनं पातेलं घासल्यासारखा. तो या टेबलावर चालायचा, कारण इथं सगळ्यांचीच पातेली घासलेली होती. घरी ते दोन-चार शब्दांत भागवत. रविवारी लेकीचा फोन आला की सत्यवतीबाई बोलत आणि हे रिसीव्हरला कान लावून नुसती मान हलवत, जणू तिला ते दिसणार होतं.

“मेरी आवाज सुनके बच्ची डर जाएगी,” ते म्हणाले.

“डरने दो,” कमरुद्दीनभाई म्हणाले. “बाद में खुश हो जाएगी.”

बूथ रस्त्याच्या पलीकडेच होता. सगळी वरात तिथवर गेली. आत एकाचीच जागा, म्हणून दार उघडं ठेवून बाकीचे उन्हात उभे राहिले. हिम्मतरावांनी नंबर फिरवला. घंटा एकदाच वाजली.

“हॅलो? आई?”

त्यांनी बाहेर पाहिलं. राजेश्वरम्मा वर्गात पोराला उठवावं तशा हातानं खुणावत होत्या.

“मी,” ते म्हणाले. “बाबा.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली, नळाचं पाणी बादलीत पडत होतं.

“दर्शी, स्कॅन साफ आला.”

“काय? ऐकू नाही आलं, बाबा.”

“स्कॅन साफ आला. गाठ नाही.”

“लाइनमध्ये खरखर आहे. पुन्हा सांगा ना.”

ही खरखर लाइनची नव्हे, आपली, हे सांगायला हिम्मतरावांनी तोंड उघडलं. तेवढ्यात पुण्याचा नळ बंद झाला. मग बादलीत टपकलेला एक थेंबसुद्धा त्यांना स्पष्ट ऐकू आला आणि पाठोपाठ नाक ओढल्याचा बारीक आवाज. लाइन तर अगदी साफ होती; पोरीला नुसता आवाज ऐकायचा होता.

“बाबा, सांगा ना.”

त्यांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला, बूथमधल्या स्टुलावर नीट बसले आणि हात लांबवून दार ओढून घेतलं.

“ऐक,” ते म्हणाले, आणि सकाळी घरातून निघाल्यापासून सगळं सांगायला लागले.