तूतकोचाचे खांदेकरी

जनाजा लिफ्टमध्ये मावत नव्हता. सैदअकबरने तो आधी सरळ घालून पाहिला, मग तिरका. एक पुतण्या म्हणाला, उभा करून बघू या का, तेव्हा त्याने अशा नजरेने पाहिलं की तो पुतण्या स्वतः नातवंडांचा आजोबा असूनही मान खाली घालून बाजूला झाला. जनाजा अजून रिकामा होता, मशिदीतून नुकताच आणलेला. पण तासाभराने त्यात सनोबरला निजवून सातव्या मजल्यावरून खाली आणायचं होतं, आणि चाळीस वर्षांहून जास्त संसार केलेल्या बायकोला तो उभी करून नेणार नव्हता.

"मग जिन्यानेच आणायला लागणार," मशिदीचा गाडीवाला म्हणाला. "माणसं किती आहेत?"

माणसं तीन होती. दोन पुतणे आणि तो स्वतः, बहात्तर वर्षांचा. मुलगा कोरियातल्या कारखान्यात होता. दुपारच्या नमाजाबरोबर माती द्यायची, त्याच्या विमानासाठी थांबता येत नव्हतं. इमारतीतले शेजारी सकाळपासून दारं किलकिली करून बघत होते आणि पुन्हा लावून घेत होते. त्यांना तरी बोल कसा लावावा? तीन वर्षांत त्यालाही त्यांची नावं माहीत झाली नव्हती.

त्याने झग्यावर कमरेला शेला बांधला, हातात काठी घेतली आणि रिवाजाप्रमाणे फाटकाशी जाऊन उभा राहिला. आई गेली तेव्हा तो असाच उभा होता आणि काठी टेकायच्या आत गल्ली माणसांनी भरली होती. इथे फाटकावर आडवा दांडा होता आणि दांड्यामागे पहारेकरी.

"आका, येणाऱ्यांची नावं वहीत लिहावी लागतील," पहारेकरी ओशाळून म्हणाला. "नियम आहे."

"आधी येऊ तर देत," सैदअकबर म्हणाला.

कोणीच आलं नाही तर? सकाळपासून त्याला ही एकच भीती खात होती. जन्मभर सनोबर लोकांच्या मयतीला, बाळंतपणाला, लग्नाला धावली, आणि आता भाड्याच्या हमालांच्या खांद्यावरून जाणार. तेही तिच्या पापाने नव्हे, त्याच्या.

हे फाटक जिथे होतं तिथेच पूर्वी तूतकोचा मोहल्ला होता. चाळीस घरं, दोन्ही अंगांना तुतीची झाडं, मधून वाहता पाट. सासष्टच्या भूकंपात सगळी घरं बसली तेव्हा माणसं महिनोन्‌महिने तंबूत राहिली, आणि एकमेकांच्या विटा थापून त्यांनी मोहल्ला पुन्हा उभा केला. सैदअकबर पुढे त्याचा अकसकाल झाला. लग्न असो, भांडण असो, वाटणी असो, त्याचा शब्द शेवटचा. म्हणून तर मोहल्ला पाडून इमारत बांधू पाहणाऱ्या बिल्डरच्या माणसांना पहिली सही त्याची हवी होती. ती त्याने दिली. मग घरोघर फिरून, सगळ्यांना याच जागी एकाच इमारतीत घरं मिळणार आहेत असं सांगत बाकीच्या मिळवल्या. शेजारचा सुतार उस्ता अब्दुवाहिद तेवढा अडून बसला होता. दोघांच्या सामाईक भिंतीत एक लहानशी खिडकी होती आणि तिच्यातून पन्नास वर्षं कालवणाचे वाडगे इकडून तिकडे जात आले होते. सैदअकबर त्याच्याकडे गेला, दस्तरखानावरचा नान उचलून हातात धरला आणि म्हणाला, आपण वेगळे झालो तर हे अन्न मला बाधो. अन्नाच्या शपथेपुढे उस्ता काय बोलणार? त्याने सही केली.

कागदात 'याच जागी' असं कुठेच नव्हतं. 'शहराच्या हद्दीत' असं होतं. सैदअकबरने ते वाचलं होतं, आणि बिल्डरच्या माणसाने तोंडी दिलेल्या शब्दावर विसंबायचं ठरवलं होतं, कारण तसं विसंबणं सोयीचं होतं. कोणाला शहराच्या टोकाला सेर्गेलीत घर मिळालं, कोणाला वळणरस्त्यापलीकडे, जिथे दुसरी बस बदलावी लागते. याच जागी घर मिळालं ते त्याला एकट्याला. भूकंपाला जमलं नाही ते अकसकालने एका सहीत करून दाखवलं, असं लोक म्हणाले. त्यानंतर त्याच्या दाराशी कोणी आलं नाही, आणि तोही कोणाकडे गेला नाही. जायला तोंड कुठे होतं?

दहाच्या सुमाराला मेट्रोच्या बाजूने तीन म्हातारे चालत येताना दिसले. डोकीला टोप्या, कमरेला शेले. सगळ्यांत पुढे उस्ता अब्दुवाहिद. त्यांच्यामागे न्हावी मीरवसील आणि त्याची दोन्ही मुलं. मग आणखी पाचजण, मग एका गाडीतून सहाजण. पहारेकऱ्याने वही उघडली, पण एकूण रंग बघून मिटली आणि दांडा वर केला. सैदअकबरने दोन्ही हात पुढे केले. उस्ताने त्याच्या शेजारी उभ्या पुतण्याला मिठी मारली, आणि मग छातीवर हात ठेवून, सैदअकबरकडे न बघता, आत गेला. बाकीच्यांनीही तसंच केलं.

तो वर गेला तेव्हा कुमरी-ओपा हात पुसत बाहेर येत होती. तूतकोचातल्या सगळ्या बायकांना शेवटची आंघोळ तिनेच घातलेली. मला कुमरीनेच न्हाऊ घालायचं, असं सनोबरने सांगून ठेवलं होतं म्हणून त्याने तेवढा एक फोन केला होता.

"तू कळवलंस सगळ्यांना?" त्याने विचारलं.

"मी एकीला कळवलं. पुढचं आपोआप झालं." तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "दर गुरुवारी कुठे जायची ती, ठाऊक आहे का तुम्हाला?"

"दवाखान्यात. गुडघे दुखायचे तिचे."

"दुखणारच. चाळीस घरांचे जिने चढायची, अकसकाल. पिशवीत दोन नान घेऊन. आज सेर्गेली, पुढच्या गुरुवारी आणखी कुठे. पहिल्यांदा गेली तेव्हा कितीजणींनी दार उघडलं नाही. मग ही पायरीवर बसून राहायची."

दर गुरुवारी रात्री सैदअकबर सनोबरच्या गुडघ्यांना मलम चोळून द्यायचा आणि डॉक्टरांना शिव्या घालायचा. ती ऐकून घ्यायची, आणि कधी कधी हसायची.

जनाजा उस्ताच्या देखरेखीखाली निघाला. घराची तुळई उतरवताना सूचना द्यायचा तशाच बारीक आवाजात तो सांगत होता, डावीकडे घ्या, डोकं वर, आता मीरवसील तू. दर मजल्याच्या वळणावर खांदे बदलत होते. घरचा माणूस पुढे चालायचा असा रिवाज, म्हणून सैदअकबर काठी टेकत पुढे होता. मागे त्याला फक्त श्वास ऐकू येत होते, आणि वीसेक माणसांच्या म्हाताऱ्या पायांची सावकाश पावलं. सनोबरला कुठे धक्का लागला नाही.

कबरस्तानात नमाजाआधी इमाम पुढे आला आणि त्याने नेहमीचं विचारलं. ही बाई कशी होती?

"चांगली होती," सगळे म्हणाले.

"तिच्याकडून कोणी दुखावलं असेल तर माफ करा. राजी आहात?"

"राजी आहोत." मीरवसीलचा आवाज फुटला. उस्ताने डोळे पुसले, आणि ते लपवलंही नाही.

इमाम नमाजाकडे वळणार, एवढ्यात सैदअकबर काठी सोडून माणसांसमोर आला. तो काय बोलणार हे त्याने ठरवलं नव्हतं. पण तिच्यासाठी ती माणसं क्षणात राजी झाली होती, मनापासून, आणि त्याला वाटलं की आजच्यासारखी वेळ पुन्हा यायची नाही.

"मला पण माफ करा," तो म्हणाला. "माझ्यावरही राजी व्हा."

वीस माणसं पायांखालच्या मातीकडे बघत राहिली. शेवटी उस्ता अब्दुवाहिद खाली वाकला, काठी उचलून त्याने सैदअकबरच्या हातात दिली. तीन वर्षांत पहिल्यांदाच तो त्याच्या तोंडाकडे बघून बोलला, आणि आवाजात राग नव्हता.

"ते ज्याच्या त्याच्या मयतीला विचारायचं असतं, अकसकाल," तो म्हणाला. "तुमचा दिवस येईल तेव्हा कोणाला तरी विचारायला सांगून ठेवा. आम्ही येऊ."

मग तो मागे जाऊन बाकीच्यांच्या रांगेत उभा राहिला, आणि इमामाने नमाज सुरू केला.