सगळ्यांना मोजणाऱ्या बाबांची शिटी

"यांच्यावर लक्ष ठेव गं. गेट दिसलं की हे तिथंच उभे राहतात," थेरगावच्या घरून निघताना यशोदाबाईंनी सुनेला बजावलं होतं.

निशिगंधा हसली. "आई, बाबा काय लहान आहेत का? माझं सगळं लक्ष आरोहीवर."

मित्रांनो, तेव्हा मी चिमाजीबाबांच्या खिशात होते. मी त्यांची जुनी पितळी शिटी.

माझा जन्म भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमधला. पोटात बुचाची गोळी घालून मला पाठवलं, ते थेट चाकणच्या एका कंपनीच्या गेटवर. तिथे बाबांबरोबर मी वीस वर्षं ड्यूटी केली. माझ्या एका लांब आवाजावर भलेमोठे कंटेनर जागच्या जागी थांबत. शिफ्ट सुटली की बाबा माणसं मोजत. शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत गेट सोडत नसत.

ते रिटायर झाले आणि मी दाराआडच्या खिळ्याला लटकले, काळवंडले. खेळायला गेलेल्या आरोहीला घरी बोलवायचं असलं, तरच बाबा मला वाजवत. दोन आखूड, एक लांब.

त्या सुट्टीत बाबांनी मला खिळ्यावरून काढून खिशात टाकलं आणि आम्ही समुद्रकाठचे किल्ले आणि जुन्या लढायांची संग्रहालयं बघायला निघालो. अलिबागला ओहोटी होती, म्हणून घोडागाडीने कुलाबा किल्ल्यात गेलो. बाबांनी तोफेवरून हात फिरवला आणि नातीला म्हणाले, "हिच्यामागं उभा राहणारा बी ड्यूटीच करत व्हता, बाळा."

परतताना गाडीवाला विलास घाई करू लागला, पाणी चढत होतं. निशिगंधाने आरोहीची टोपी, बाटली, हात, सगळं घट्ट धरलं. बाबा पुढच्या गाडीत बसले असतील, असं तिला वाटलं.

बाबा महादरवाजात उभे होते. तीन गाड्यांतून सतरा माणसं आत आली होती, बाहेर पडली सोळा. राहिलेल्या एकाला हाका मारत ते पुन्हा आत फिरून आले. तोवर गाड्या लांब गेल्या आणि वाळूवर पाणी पसरलं. मग त्यांनी मला ओठांना लावलं.

इतका दम मी गेटवरही कधी लावला नव्हता.

"आई, आजोबा मला बोलवतायत," आरोही म्हणाली. निशिगंधाने पुढच्या गाडीकडे पाहिलं. तिथे बाबा नव्हते.

विलासने घोडा वळवला. चाकं निम्मी पाण्यात बुडाली, तरी गाडी दरवाजापाशी पोचली.

"बाबा, मागे का राहिलात?" निशिगंधाने त्यांना हात देत विचारलं.

"एक माणूस कमी भरत व्हता, पोरी."

"तो माणूस तुम्हीच की, काका," विलास म्हणाला.

बाबांनी बोटांवर पुन्हा मोजलं. "व्हय की. सोताला मोजायची सवयच नाही."

घरी आल्यावर निशिगंधाने मला चिंच लावून घासलं. आता मी पुढच्या दाराशी, चाव्यांच्या शेजारी लखलखते आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे ताठ मानेने बघते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्ही जपालच. पण तुमच्याही घरात सगळ्यांना मोजणारं एखादं माणूस असेल. ते आत्ता कुठे आहे, जरा उठून बघून या.