पहिलं आमेन कुणाचं?

मित्रांनो, मी एक जुनी, जाड पुठ्ठ्याची चारशे पानी वही आहे आणि सध्या मी भयंकर चिडलेली आहे. वह्यांना कुठला आलाय राग, असं म्हणाल तर आधी माझं ऐकून घ्या.

शहरातल्या गुलमंडीवरच्या दुकानातून मला करमाडच्या करुणाबाईंनी आणलं. त्या रोज सकाळी, चहा ठेवण्याआधी, त्या दिवसाचा बायबलमधला शास्त्रपाठ वाचायच्या आणि त्यावरून माझ्यात एक प्रार्थना लिहायच्या. मोठे शब्द त्यांना जमत नसत. वादळ शांत झाल्याचा पाठ असला, की लिहायच्या, "प्रभू, धोंडिबाचे पत्रे उडालेत, आज पाऊस आवर." प्रत्येक प्रार्थनेत एक तरी नाव असायचंच. रविवारी चर्चमधल्या उपासनेत त्या मला उघडून वाचत. आमच्या छोट्या मंडळीची रीत अशी, की ज्याचं नाव येईल त्यानं पहिलं आमेन म्हणायचं, मग बाकीच्यांनी. दोन वर्षं माझा असा मान होता.

एके दिवशी शेजारची शीला आली. शेंद्र्याच्या एका कारखान्यात मशीनवर तिची दोन बोटं गेली होती. ठेकेदारानं दुसऱ्याच दिवशी हजेरीपटातून तिचं नाव काढलं आणि वर म्हणाला, ही बाई आमच्याकडं कधी नव्हतीच. चोराच्या उलट्या बोंबा!

"मावशी, तुमच्या वहीत माझं नाव लिवा," शीला म्हणाली. "मी तुमच्या मंडळीतली नाय, पर कुठंतरी नाव असू द्या."

"देव काय आधार कार्ड बघतो व्हय?" करुणाबाई म्हणाल्या. "रविवारी ये. नाव आलं की आमेन म्हण."

त्या दिवशीचा पाठ होता न्यायाधीशाच्या दारी पुन्हा पुन्हा जाणाऱ्या विधवेचा. करुणाबाईंनी लिहिलं, "प्रभू, ती विधवा थकली नाही. शीलालाही थकू देऊ नकोस. ती त्या मशीनवर होती, हे तू पाहिलंस. तिला खोटं पाडणाऱ्याची झोप उडव." पेन इतका रुतला, की पानाच्या मागं वळ उठले. ते अजून आहेत.

पण त्याच आठवड्यात मंडळीचा चिटणीस शांतवन मला घेऊन गेला. येत्या रविवारच्या वर्धापनदिनाला या प्रार्थनांचं छोटं पुस्तक छापायचं ठरलं होतं. मी मूर्ख, हुरळून गेले. चार दिवसांत छापून आलं तर काय, एकही नाव नाही! "पुस्तकात असली नावं बरी दिसत नाहीत, जरा भारदस्त पाहिजे," म्हणे. शीलाच्या प्रार्थनेचं झालं होतं, "हे दयाघना, समस्त श्रमिकांस विश्रांती दे." विश्रांती! ठेकेदारानं जे हजेरीपटात केलं, तेच यानं गुळगुळीत कागदावर केलं. आणि मला टाकलं वाजवायच्या पेटीखालच्या खोक्यात, जुन्या गीतांच्या फाटक्या पानांत.

रविवारी शीला आली. मागच्या बाकावर पदरात हात झाकून बसली. शांतवननं पुस्तकातून ती प्रार्थना वाचली आणि थांबला. आमेन कुणीच म्हणेना. नावच आलं नव्हतं, तर पहिलं म्हणणार कोण? लोक एकमेकांकडं बघत राहिले. शीला उठली आणि दाराशी जाऊन चपला घालू लागली.

करुणाबाई तडक पेटीपाशी आल्या. खोकं उपसून त्यांनी मला काढलं, पदरानं धूळ पुसली.

"थांब गं शीला," त्या म्हणाल्या आणि ते पान जसंच्या तसं वाचलं.

शीलाच्या एका पायात चप्पल होती, एक पाय उघडाच. नाव ऐकून तिनं पदराखालचा हात बाहेर काढला.

"आमेन," ती म्हणाली. मग सगळी मंडळी म्हणाली. शांतवनही म्हणाला, खाली मान घालून.

मित्रांनो, मला प्लॅस्टिकचं कव्हर नको, काचेचं कपाट नको. कोपरे दुमडलेत ते दुमडलेलेच राहू द्या. पण माझी नक्कल करायला बसलात, तर माणसांची नावं गाळू नका. बाकी कितीही सुंदर लिहिलंत तरी मी माफ करणार नाही.

शीला उद्या पुन्हा ठेकेदाराच्या दारी जाणार आहे. करुणाबाई सोबत आहेत, आणि त्यांच्या पिशवीत मी.