आम्ही थांबलो नाही

बावो पडला तेव्हा मी संघाच्या गाडीत मागे बसलो होतो, मांडीवर दोन सुटी चाकं घेऊन. गाडी चालवत होता आमचा मार्गदर्शक फिरमिन. बावीस वर्षं मी त्याच्या संघांच्या सायकली दुरुस्त करतोय.

मार्चचा दुसरा रविवार होता. मोसमाला नुकती सुरुवात झाली होती. ईपर शहराच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांतली एका दिवसाची शर्यत, ओला काँक्रीटचा रस्ता आणि समुद्राकडून येणारं आडवं वारं. प्रत्येक संघाला एकच गाडी. आमचा म्होरक्या योरित पुढच्या बारा जणांत होता. मागच्या घोळक्यात होते बावो आणि वान्नेस. वान्नेस चौतिशीचा, अकरा वर्षं दुसऱ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या वाहणारा. बावो एकवीसचा, त्याचं पहिलंच वर्ष. सकाळी त्यानं मला विचारलं होतं, "ओडील, या चाकाला रात्री अंगाई म्हणतोस का रे? उठायलाच मागत नाही!" मी म्हटलं, "पाय मार, उठेल."

एका उतारावर आयोजकांच्या रेडिओवर कुणीतरी पडल्याचं कळलं. त्याच मिनिटाला संघाच्या रेडिओवर योरित ओरडला, "पंक्चर! मागचं चाक! लवकर या!"

आम्ही वळणावर आलो. कडेला दोन सायकली पडल्या होत्या. चरात बावो, आणि त्याच्याशेजारी गुडघे टेकून वान्नेस. फिरमिननं वेग कमी केला. वान्नेसनं मान वर करून आमच्याकडे पाहिलं, हातही उचलला.

"वान्नेस आहे त्याच्यापाशी," फिरमिन म्हणाला. "डॉक्टरांची गाडी मागेच आहे." आणि त्यानं गाडी पुढे काढली.

मी मांडीवरचं एक चाक हातात घेतलं. योरितचं चाक मी चौदा सेकंदांत बदललं. त्या वर्षी त्याहून लवकर मी एकही चाक बदललं नाही.

मग फिरमिननं रेडिओ तोंडाशी धरला. "वान्नेस, डॉक्टर आले ना? मग निघ. योरितच्या सोबतीला माणूस हवाय. ऐकतोयस ना? अरे, निघ!"

उत्तर आलं नाही. वान्नेसनं कानातलं यंत्र उपटून फेकून दिलं होतं, हे नंतर कळलं. योरित तिसरा आला. मंगळवारी बावो इस्पितळात वारला. तुम्ही थांबला असतात तरी काही झालं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. हे वाक्य मी आणि फिरमिननं नंतर एकमेकांना इतक्या वेळा ऐकवलं, की शेवटी ते उच्चारायचीही लाज वाटू लागली.

अंत्यविधीला सगळा संघ चर्चमध्ये उभा राहिला, आणि चार दिवसांनी पुढची शर्यत होती. मोसम कुणासाठी थांबत नाही. एप्रिल, मे, शर्यतीमागून शर्यत. वान्नेस फिरमिनशी बोलायचा बंद झाला. जुलैतल्या तीन आठवड्यांच्या मोठ्या शर्यतीतून फिरमिननं त्याला वगळलं. "पायांत जोर नाही त्याच्या यंदा," एवढंच म्हणाला. मग वान्नेस गावोगावच्या जत्रांतल्या शर्यती मारत राहिला. एकदा सायकल घेऊन माझ्याकडे आला.

"चाक थोडं डगमगतंय बघ," मी म्हटलं. "असं घेऊन उतारावर जाऊ नकोस, धोका आहे."

"त्या दिवशी तूही होतास ना गाडीत?"

"होतो."

"मग मला धोका शिकवू नकोस."

ऑक्टोबरात शेवटची शर्यत झाली. दुसऱ्या दिवशी मी गोदामात सायकली धूत होतो, फिरमिन पेट्या बांधत होता. दारात एक बाई येऊन उभी राहिली. बावोची आई, लुटगार्ट. आम्ही दोघं हात पुसायचंही विसरलो.

"तुम्ही थांबला नाहीत, हे वान्नेसनं मला एप्रिलमध्येच सांगितलं," ती म्हणाली. "मी म्हटलं, मोसम संपू दे. तुम्हाला कामं असतात."

फिरमिन म्हणाला, "बाई, मी..."

"माफी नंतर मागा. आधी मला त्या रस्त्यानं न्या. याच गाडीतून. तुम्ही कसे गेलात ते मला बघायचंय."

ती पुढे बसली, मी माझ्या नेहमीच्या जागी. तासाभरात टेकड्या आल्या. बीट काढून झालं होतं, शेतांच्या बांधावर ढीग पडले होते. गाडी उताराला लागली. एक वळण गेलं, दुसरं गेलं. मग खालचं गाव आलं.

फिरमिननं गाडी वळवली आणि पुन्हा वर नेली. पुन्हा उतरलो. एका वळणावर तो थबकला, माझ्याकडे वळून पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. तिथं झाड होतं, इथं नव्हतं. की उलट?

"कुठलं?" लुटगार्टनं विचारलं.

फिरमिन पुढच्या वळणाकडे पाहत राहिला.

"तुम्हाला माहीतच नाही," ती अगदी हळू म्हणाली. "माझा मुलगा कुठे पडला, ते तुम्हाला माहीत नाही."

फिरमिननं गाडी कडेला लावली. दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून बसून राहिला. त्याच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं आणि ते तो पुसत नव्हता. शेवटी त्यानं फोन काढला. सात महिन्यांत पहिल्यांदाच त्यानं वान्नेसला फोन केला.

"वान्नेस, मी फिरमिन. आम्हाला ती जागा सापडत नाहीये. आई आहे सोबत."

वान्नेस सायकलवरून आला. पाऊण तास लागला त्याला. घामानं निथळत होता. लुटगार्टच्या गालाला गाल लावून त्यानं तिला अभिवादन केलं, आमच्याकडे पाहिलंही नाही, आणि पायीच उतरू लागला. आम्ही तिघं त्याच्यामागे. आम्ही दोनदा ओलांडून गेलेल्या एका वळणावर तो थांबला.

"इथं. डोकं शेताकडे होतं. हा हात माझ्या हातात होता." त्यानं उजवा हात दाखवला.

"काही बोलला?" लुटगार्टनं विचारलं.

"नाही. लोक तुम्हाला काहीबाही सांगतील. काही बोलला नाही तो. पण हात घट्ट धरला होता. बराच वेळ."

लुटगार्ट चरात उतरली. ओल्या गवतात बसली आणि तळवा जमिनीवर टेकवला. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, चालकानं टोपी काढली. त्याला काय कळलं असेल कोण जाणे.

फिरमिन वरून म्हणाला, "वान्नेसचे पाय चांगले होते जुलैत. मी खोटं बोललो. मला तो समोर नको होता."

वान्नेसनं ते ऐकलं. म्हणाला, "माहीत आहे." मग खाली उतरून लुटगार्टला उठायला हात दिला. तिला एकट्यानं उचलणं जमेना, तेव्हा त्यानं मान वर केली.

"या की खाली, फिरमिन. दुसऱ्या बाजूनं धरा."