टाकीची सहा मिनिटं

साबुदाण्याचा एक दाणा फोनच्या काचेवर पडला होता, आणि पडला तोही नेमका तिच्या नावापुढच्या हिरव्या ठिपक्यावर — त्यामुळे ती आत्ता तिथे आहे की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. जोतीराम ताटावर बसून दाण्याकडे बघत राहिला. बोटानं ढकलला असता तर पान सरकलं असतं, आणि न जाणो, चुकून पसंतीचा अंगठा उमटला असता. दोन वर्षांत त्यानं फोरमवर ‘गच्ची’च्या एकाही प्रतिसादाला अंगठा दिला नव्हता, आणि तो मान एका साबुदाण्याला मिळावा हे काही बरोबर नव्हतं. शेवटी त्यानं फोन उचलून तिरका केला. दाणा ओघळून ताटात पडला. ठिपका हिरवाच होता.

संकष्टीला त्याचा विरोध होता. खिचडीला नव्हता.

ठिपक्याखाली सकाळी सात बाराला आलेला मजकूर होता. त्यानं तो पाचव्यांदा वाचला: ‘चंद्रोदय अ‍ॅपची जबाबदारी मी आज दुसऱ्याकडे सोपवते आहे. हा धागा संध्याकाळी सहाला बंद करेन. दोन वर्षं वाद घातल्याबद्दल सगळ्यांचे, विशेषतः निरीक्षक यांचे आभार.’

निरीक्षक म्हणजे तो स्वतः. जोतीराम खाडे, वय चौपन्न, एका खासगी कॉलेजात भौतिकशास्त्राचा प्राध्यापक, जोतिबाला नवस बोलून झालेला नास्तिक. आणि गच्ची म्हणजे त्याच्या डोक्यावर, बरोबर या पंख्याच्या वर, गच्चीवरच्या खोलीत बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणारी त्याची मुलगी, राजनंदिनी — जी गेली दोन वर्षं त्याच्याशी बोलत नव्हती.

गच्ची म्हणजे तीच, हे त्याला कळलं त्याला दीड वर्ष झालं. एका सोमवारी दुरुस्तीसाठी वीज गेली होती, आणि फोरमवर त्याला खोडून काढता काढता गच्ची अर्ध्या वाक्यात गप्प झाली. पंखा फिरायला लागला आणि चौथ्या मिनिटाला उरलेलं अर्धं वाक्य आलं. जोतीराम तेव्हा दाढी करत होता. अर्धी दाढी तशीच ठेवून तो जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत गेला, वर कीबोर्डची टकटक ऐकली, आणि परत येऊन उरलेली दाढी केली. मग त्यानं लिहिलं होतं — ‘ज्यांना खगोल कळत नाही त्यांनी पंचांग भिंतीला टांगावं, कोड लिहू नये.’ वर बराच वेळ टकटक नव्हती. नंतर नळ सोडल्याचा आवाज, नंतर इकडून तिकडे पावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अठ्ठेचाळीस ओळींचं उत्तर, आकड्यांसकट, आधारांसकट. एकही चूक नव्हती. त्याला इतका अभिमान वाटला की त्यानं आणखी कडक लिहिलं.

कारण दुसरं काय होतं दोघांत? खाली ताट वाढलं की ती यायची, जेवायची, आजीच्या, म्हणजे आक्काच्या, गोळ्या काढून द्यायची, आईशी दोन शब्द बोलायची आणि त्याच्या अंगावरून नजर अशी न्यायची, की जणू तिथे रिकामा पाट मांडलाय. पण वर गेली की… वर गेली की ती माझी असायची. ओपन सोर्स म्हणजे समाजसेवा की फुकटेपणा, यावर नव्वद प्रतिसाद. तिथी हे विज्ञान की धर्म, यावर दोनशे. शिवजयंती तिथीनं की तारखेनं, यावर तीनशे चाळीस, आणि त्यात दोन्हीकडच्यांनी दोघांनाही देशद्रोही ठरवलं — बापलेकी एकदम, एका ओळीत. तिनं लिहिलं होतं, ‘पौर्णिमा बुद्धाचीही असते आणि जोतिबाचीही, माझ्या प्रोग्रामला फरक करता येत नाही.’ त्यावर त्यानं लिहिलं होतं, ‘भावनिक.’ एकच शब्द. ती कमी जेवली की तिची वाक्यं लांबत. सर्दी झाली की विरामचिन्हं जात. कुठल्या बापाला मुलीची एवढी खबर असते?

“ऐकताय न्हवं?” त्याची बायको संयोगिता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात लाटणं नव्हतं, काहीच नव्हतं. “उद्या सकाळच्या सहाच्या गाडीनं जाणार हाय ती. कायमची. शुक्रवारी पुण्यात लग्नाची नोंदणी हाय दोघांची. तुमाला सांगू नको म्हणालीय.”

“मग सांगितलंस कशाला?”

“पोटात ऱ्हाईना.” ती थांबली. “वर जावा की एकदा. चार पायऱ्या जास्त हायत व्हय कॉलेजपेक्षा?”

त्यानं ताट सरकवलं आणि फोन खिशात टाकला. फोरमवर त्याला उत्तर सुचलं नाही असं कधी झालं नव्हतं.

*

दोघांतला दुसरा, प्रसेनजीत, हातकणंगल्याचा. इंजिनियरिंगला तिच्या वर्गात होता. बौद्ध. दोन वर्षांपूर्वी तिनं हे सांगितलं तेव्हा जोतीरामची फोरमवर जातिअंतावरची लेखमाला सुरू होती, अकरा भागांची, आणि आठवा भाग त्याच दिवशी टाकायचा होता. त्यानं फार शांतपणे म्हटलं होतं, “माझं काही नाही गं. आक्काला झेपणार नाही.” त्याला स्वतःलाच आवडलं होतं ते वाक्य — कुणाला न दुखवणारं, सगळं ब्याऐंशी वर्षांच्या एका बाईच्या अंगावर टाकून मोकळं होणारं. राजनंदिनी त्याच्याकडे बघत राहिली, मग वर गेली. आठवा भाग त्यानं ठरल्या वेळी टाकला. त्याला सगळ्यात जास्त अंगठे मिळाले.

कॉलेजात पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल होतं. लंबक. दोरीला टांगलेले गोळे इकडून तिकडे जात होते आणि तो टेबलांमधून फिरत सहा वाजायला किती तास उरले ते मोजत होता. तिनं आभार मानले म्हणजे ती आता भांडणार नाही. सभ्य झालीय. आणि सभ्य झालेलं माणूस गेलंच म्हणायचं… एक उत्तर हवं होतं. शेवटचं. ती चिडून बसली पाहिजे, बॅग भरायची सोडून खुर्चीवर बसली पाहिजे, अठ्ठेचाळीस ओळी. मुलीला वर जाऊन ‘जाऊ नको’ म्हणणं ही एक पद्धत झाली. ती त्याला येत नव्हती.

“सर,” मोना नावाची मुरगूडची मुलगी वही पुढं करून उभी होती, “रीडिंग जुळंना झालंय. उत्तर म्हाईत हाय तर जुळवून लिहू का?”

“नाही. जे दिसलं ते लिहायचं.”

“समदी जुळवूनच लिवत्यात की, सर.”

“सगळे गाढव आहेत.”

पण त्याच्याकडे एक गोष्ट होती. दीड वर्ष राखून ठेवलेली.

ओपन सोर्सची गंमत अशी, की कुलूप नसलेल्या घरात कुणी डोकावत नाही. कोड सगळ्यांसाठी उघडा, वाचलेला एकट्या जोतीरामनं — चुका काढायला. आणि तिथे, गाव कोल्हापूर निवडलं की, चंद्रोदयाच्या वेळेत सहा मिनिटं मिळवली जात. का, ते कुठे सांगितलेलं नव्हतं. समोर एकच शब्द होता: ‘टाकी’.

ती आठवीत होती. वर्षभर, दर संकष्टीला, दोघं गच्चीवर वही आणि घड्याळ घेऊन उभे राहायचे, कारण आक्का चंद्र बघितल्याशिवाय पाण्याचा थेंब घेत नसे आणि पंचांगातली वेळ झाली तरी चंद्र दिसत नसे. पूर्वेला शेजारच्यांची सिमेंटची टाकी. चंद्र यायचा वेळेवर, टाकीमागं रेंगाळायचा. “पप्पा, चंद्र चुकतोय का पंचांग?” “दोन्ही नाहीत. टाकी चुकतेय.” त्या उत्तरावर ती किती हसली होती. वर्षाअखेरीला त्यानं सरासरी काढली आणि सांगितलं — राजी, आपल्या गच्चीला सहा मिनिटं धर. तिनं धरली. इतकी घट्ट धरली की मोठी होऊन प्रोग्राम लिहिला तेव्हा आपलं घर आणि कोल्हापूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिच्या ध्यानातच आलं नाही, आणि तीन वर्षं अख्ख्या शहरातले उपासकरी एका खाड्यांच्या गच्चीसाठी सहा मिनिटं जास्त उपाशी राहिले.

दीड वर्ष तो रोज एकदा ती ओळ उघडून बघायचा. नुसती बघायचा. देवघर नसलेल्या माणसाला कुठेतरी बघावं लागतंच.

चार वाजून दोन मिनिटांनी, स्टाफरूममध्ये, त्यानं लिहिलं: ‘गच्ची यांनी कोल्हापूरच्या चंद्रोदयात गुपचूप सहा मिनिटं घुसडली आहेत. कारण? “टाकी”. कुणाच्या घरची टाकी? तीन वर्षं या शहरातल्या भाविकांना तुम्ही एका घरच्या टाकीपायी तहानलेलं ठेवलंत, आणि श्रद्धेला विज्ञान शिकवायला निघालात. जाता जाता एवढं तरी सांगा, की हे दिव्य मोजमाप कुणाचं?’

शेवटचा प्रश्न त्यानं दोनदा वाचला. बाकी सगळं त्या प्रश्नासाठीच होतं. तिनं लिहावं. चारशे अनोळखी माणसांपुढं का होईना, चिडून का होईना, तो शब्द लिहावा — माझ्या पप्पांचं. मग पुढचं पुढं.

हसणारे चेहरे यायला लागले. एकानं लिहिलं, ‘टाकी फुटली!’ एकानं, ‘निरीक्षक म्हणजे सव्वाशेर.’ जोतीरामनं चहा घेतला. तो चांगला लागला, हे नंतर त्याला आठवत राहिलं.

अकराव्या मिनिटाला उत्तर आलं.

‘निरीक्षक यांचं बरोबर आहे. सहा काढले, अपडेट दिला आहे. हे मोजमाप मी लहान असताना घरातल्या एका माणसानं करून दिलं होतं. त्याच्यावर विश्वास होता, म्हणून कधी पडताळून बघितलं नाही. चूक माझी.’

पाच वाक्यं. विरामचिन्हं सगळी जागेवर.

सवयीनं तो भोक शोधायला लागला. घरातला एक माणूस — कोण? संदिग्ध. विश्वास होता — कधीपर्यंत? तारीख नाही. हे ती निरीक्षकाला सांगत होती, की बापाला? तिला ठाऊक होतं? आजच कळलं, की त्या सोमवारपासूनच… टकटक थांबवून ती उठली असेल, जिन्याच्या तोंडाशी आली असेल, तिसऱ्या पायरीवर साबणाचा फेस लावलेला बाप उभा असलेला वरून बघितला असेल? मग दीड वर्ष ती कुणाला उत्तरं देत होती? त्यानं लिहायला बोट टेकवलं, तर लिहायची जागाच गेली होती. ‘हा धागा बंद करण्यात आला आहे.’ सहा वाजायला पावणेदोन तास होते. खाली अभिनंदनाचे अंगठे चढत होते.

जिंकला होता तो. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिनं ‘बरोबर आहे’ म्हटलं होतं.

*

आठ सत्तेचाळीसला आक्काच्या फोनमधली चंद्रोदयची घंटा वाजली, आणि आक्का दूर्वांचं ताट आणि पाण्याचा तांब्या घेऊन गच्चीत पूर्वेला तोंड करून उभी राहिली. जोतीराम तिला धरून वर घेऊन आला होता; हे काम एरवी राजनंदिनीचं. तिच्या खोलीचं दार बंद होतं. दाराखालून उजेडाची पट्टी, आणि आत खोक्यावर चिकटपट्टी ओढल्याचा आवाज — चर्र. थांबून पुन्हा, चर्र.

पूर्वेला टाकी. टाकीवर काळं आभाळ.

“वाजली न्हवं घंटी?” आक्का म्हणाली. “मग कुठं हाय चंद्र?”

“येईल.”

“राजीच्या फोनात कवा चुकत न्हाई. घंटी वाजली की तोंड दावतोय बघ.” ओठांवरून तिनं कोरडी जीभ फिरवली. “आज काय झालं त्याला?”

सांगता आलं असतं. ग्रहगती, टाकीची उंची, अपडेट, सगळं. “थांब सहा मिनिटं,” तो म्हणाला.

“सहाच कशी रं? चंद्रानं चिठ्ठी दिलीया व्हय तुला?”

चर्र.

“राजी पाया पडाय आलती सकाळी,” आक्का टाकीकडे बघतच म्हणाली. “माझं नाव घिऊन त्या पोराला न्हाई म्हणालास म्हणं.”

त्यानं ताटातल्या दूर्वा सारख्या केल्या.

“दोन वर्सं एका घरात जेवतोय आपुन. मला न्हाई इचारलंस.”

“तुला झेपलं नसतं, आक्का.”

“इचारलं आसतंस तर काय म्हणाली आसते, ठावं हाय?”

“काय?”

आक्कानं तांब्या या हातातून त्या हातात घेतला. “आता कशाला?” ती म्हणाली. “आता न्हाई सांगत.”

त्यानं घड्याळ बघितलं. आठ बावन्न. सहा मिनिटं… सहाच ना? तेरा संकष्ट्या, तेरा नोंदी. त्यातल्या किती खऱ्या? त्या पावसाळ्यात आभाळ दोन महिने उघडलंच नव्हतं. एकदा पोरगी पेंगुळली म्हणून तो तिला उचलून खाली घेऊन गेला होता, आणि दुसऱ्या दिवशी वहीत आकडा मात्र होता. जुळणारा. समदी जुळवूनच लिवत्यात की, सर. ती वही कुठे आहे आता? त्या खोलीत, एखाद्या खोक्यात, पट्टीखाली? की रद्दीत?

आठ त्रेपन्न झाले. टाकी काळीच होती. कड उजळल्यासारखी वाटली, न वाटल्यासारखी. मागं दाराखालचा आवाज थांबला होता — संपलं असेल, किंवा ती आत उभी राहून ऐकत असेल, किंवा तीही घड्याळ बघत असेल.

“येतोय का न्हाई रं?” आक्काचा घसा पार सुकला होता, शब्द चिकटत होते.

“माहीत नाही,” तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याला कळलं की त्याला खरंच माहीत नाही; आणि जन्मभर बरोबर ठरण्यासाठी जगलेल्या त्या माणसाला एकाएकी वाटायला लागलं, की आपण चुकलेलो असावं, सहा नसावीत ती मिनिटं, दहा असावीत, तास असावा, सहाची गाडी टळेस्तोवर चंद्रानं टाकीमागंच बसून राहावं — शेजारी ब्याऐंशी वर्षांची म्हातारी तहानेनं उभी होती, तिच्या हातात भरलेला तांब्या होता, ते त्याला दिसत होतं, आणि तरीही.