पट्टा पुरता ओढून

दिपालीला सोमवारी पारशिवनीच्या शाळेत रुजू व्हायचं होतं आणि आठ महिन्यांची वेदिका अजून अंगावर पीत होती. लेक सोबतच न्यायची, रोजचे जाऊन-येऊन ऐंशी-नव्वद किलोमीटर. नवी गाडी परवडणारी नव्हती, आणि लेकराला घेऊन रस्त्यात बंद पडणारी जुनी तर मुळीच नको.

म्हणून शनिवारी ती वेदिकेला कडेवर आणि सासऱ्यांना सोबत घेऊन रिंग रोडवरच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात आली. बाबारावांनी नरखेडला तीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केले होते. त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

"काय ऐकू येतं, बाबा?"

"इंजिन बोलून राहिलं. तू नको बोलू वं."

तिलाही राहवेना. तिनंही त्या मुठीला कान लावला. वेदिकेचं पोट भरल्यावर गुरगुरतं, अगदी तसा आवाज.

बाबारावांनी सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरला, तो पांढराच राहिला, ऑइलची कांडी काढून बोटावर चोळली. "एक नंबर!" म्हणाले आणि झोल्यातून नारळच काढला. घरूनच आणला होता!

"काकाजी, मी सांगून तर राहिलो," दुकानवाला ऋषिकेश खुलला. "डॉक्टरीणबाईची गाडी. दवाखाना ते घर, बस."

दिपालीचं लक्ष मात्र आत होतं. "भाऊ, एवढ्याशा गाडीत अत्तराच्या तीन बाटल्या काहून?"

"फ्रेश वाटते ना, मॅडम."

"थांबा बाबा, नारळ नका फोडू. हिची खुर्ची बसते का, ते तर पाहू."

बहिणीकडून मागून आणलेली वेदिकेची गाडीत बसायची खुर्ची तिनं मागच्या सीटवर ठेवली. खुर्चीला सीटच्या पट्ट्याचा पूर्ण वेढा लागायचा. दिपालीनं पट्टा ओढला. काळाभोर, गुळगुळीत. मग अडकला. तिनं हिसका दिला, तसा शेवटचा हातभर पट्टा बाहेर आला, मातकट. काळा संपून माती सुरू होते तिथं सरळ रेघ, चहाच्या कपात उरते तशी. तिनं नाकाशी नेला. मोगऱ्याच्या अत्तराखाली नाल्याचा वास.

"बाबा, हे पाहा बरं."

बाबारावांनी नखानं खरवडलं. पापुद्रा निघाला. मग सीटखाली हात घातला. बोटं गंजानं तांबडी झाली.

"तेवीस सालच्या पुरात बुडली होती का गा गाडी?"

ऋषिकेश मोबाइल पाहू लागला. "थोडंसंच पाणी होतं, काकाजी. इंजिन तर नवं करून घेतलं ना."

"अन् वायरी? त्या तर पोहून आल्या ना बाप्पा! आज चालतीन, पावसाळ्यात जीव सोडतीन."

नारळ झोल्यात परत गेला. बाहेर आल्यावर बाबाराव बोटांवरचा गंज रुमालाला पुसत चालले.

"इंजिनाचं तुम्ही बरोबरच सांगितलं, बाबा."

"हाव. इंजिन खोटं नाही बोललं. मीच बाकीच्याइले इचारलं नाही."

"पण आता सोमवारी?"

"एसटीनं जाऊ. मी येतो संगं. तू शिकव, पोरीले मी धरतो. तिले भूक लागली का हाक मारतो."

तिनं वेदिकेला त्यांच्या कडेवर दिलं.

कोपऱ्यावर दुसरं दुकान लागलं. बाबारावांनी पहिल्याच गाडीच्या बॉनेटकडे पाहिलंही नाही, थेट मागचं दार उघडलं आणि नातीला सांभाळत पट्टा पुरता ओढून दिपालीपुढे धरला.

"घे, तू हुंगून पाय. तुहं नाक बरं हाये."

दिपालीनं डोळे मिटले, इंजिनाला कान लावावा तसे. पट्ट्याला वास होता धुळीचा आणि कुण्या लेकराच्या ग्लुकोज बिस्किटाचा.

"आता फोडा नारळ," ती म्हणाली. "नाही, थांबा. आधी सीटखाली हात घाला."