एक्केचाळीस झाडं जिवंत

झाड १. ऐन. तीन वर्षांपूर्वी घेर ९४ सेंटिमीटर, आता ९७. स्थिती: जिवंत.

टेप अल्काच्या हातात, कागद योगेश्वरीच्या. खोडावर छातीच्या उंचीला पत्र्याचा बिल्ला आहे, त्यावर आकडा. बिल्ले अल्कानंच ठोकले होते, त्या पहिल्या मोजणीत, २०११ साली. एका संस्थेनं देवरीच्या पलीकडच्या या जंगलात दोरीनं चौकोन आखला आणि त्यातली जाड झाडं मोजली. झाडं किती वाढली, किती मेली, यावरून जंगलात कार्बन किती साठला आणि किती गेला ते कळतं म्हणे. तेव्हा गावातली मजूर म्हणून अल्काला घेतलं होतं. आज पुन्हा तिलाच बोलावलं. कुठल्या झाडाला कोणता, सगळे आकडे तिला पाठ आहेत.

तिच्याशिवाय गावात कुणालाच पाठ नाहीत. 

झाड २. धावडा. ६१, आता ६२. जिवंत.

झाड ३. तेंदू. ४८, आता ४९. जिवंत.

झाडांच्या मधे काळं. चौकोनाबाहेर, उतार संपेपर्यंत काळं. मार्चमध्ये वणवा लागला, तीन दिवस चालला. आता मे आहे. हाताच्या मनगटाएवढी झाडं जागच्या जागी वाळली आहेत, रोपट्यांच्या नुसत्या काड्या उरल्यात. पाय टाकला की राख उडते आणि घामावर बसते.

नाकेदार दुलीचंद सावलीत दगडावर बसलाय. संस्थेच्या लोकांसोबत जंगल खात्याचा माणूस लागतोच.

"जळल्यावर तर कोणीही कोळसा मोजते मॅडम," तो हसला. "तुमी हिरव्या झाडातला मोजता. कमाल हाय."

"कार्बन, भैया. कोळसा नाही," योगेश्वरी म्हणाली. ती गोंदिया शहरातली, संस्थेत पहिलीच नोकरी. "ही आग लागली कशी?"

अल्कानं चौथ्या झाडाला टेप गुंडाळला. उलटा गुंडाळला. सोडून परत गुंडाळला.

"आमचा शालीकराम. गुराखी," दुलीचंद म्हणाला. "बिडी फेकली बुढ्यानं. नाही म्हणते, पन दुसरं कोन होतं इकडं? सोमवारी कोर्टात तारीख हाय त्याची."

झाड ४. ऐन. घेर: —

"ताई? किती?"

"एकशे... थांबा मॅडम. एकशे आठ."

झाड ९. बीजा. ७७, आता ७९. जिवंत.

"ताई, हे बघ." योगेश्वरी खाली वाकली. "इथं गवत आहे. हिरवं."

खोडाभोवती हातभर रुंदीचा गोल. त्यात राख नाही, साल भाजलेली नाही. गोलाच्या काठापर्यंत आग आली आणि थांबली.

"असते कुठं कुठं," अल्का म्हणाली.

झाड १०. जिवंत. गोल.

झाड ११. जिवंत. गोल.

झाड १२. जिवंत. गोल. अल्काला आता झाड दिसण्याआधी गोल दिसतो. पुढचा दिसतो, त्याच्या पुढचा दिसतो. पळून जावं तरी कुठं, सगळे आकडे क्रमानं तिच्याकडेच येत आहेत.

झाड १३ ते १९. (मार्चमधली सकाळ.)

दोरीपासून वीस पावलांवर तिच्या घरचा मोह. आजेसासऱ्यापासून तो त्यांचाच, गावात दुसरं कुणी त्या झाडाखालचं फूल उचलत नाही. आधी सासू, नणंद पिंकी आणि अल्का मिळून खालचा पाला झाडायच्या. तिघी, दोन दिवस. सासू गेली. पिंकी नागपूरला धुणीभांडी करते. नवरा केवळराम रायपूरच्या लोखंडाच्या कारखान्यात. मोहफुलांच्या व्यापाऱ्याची जीप आठ वाजता सडकेवर येते आणि निघून जाते, एकट्या बाईनं पाल्यातून फुलं वेचायची कधी? म्हणून आता सगळेच मोहाखाली जाळतात. भोवती पट्टा साफ करायचा, काडी लावायची, पळसाची डहाळी घेऊन उभं राहायचं. घोट्याएवढी आग होते आणि विझते. जमीन लख्ख होते, फूल दिसतं.

पण त्या दिवशी तिला बिल्ले आठवले. संस्थेच्या साहेबांनी तेव्हा बजावलं होतं, या झाडांना काही होऊ द्यायचं नाही. ठिणगी उडाली आणि बिल्ल्याचं झाड भाजलं तर तिलाच विचारतील. म्हणून तिनं एकेका नंबराखालचा पाला झाडला. एक्केचाळीस गोल केले. आणि झाडलेला पाला टोपल्यांनी वाहून मोहाखाली टाकला, तसाही जाळायचाच होता.

कंबरेएवढा ढीग झाला.

काडी लावल्यावर आग घोट्याशी थांबली नाही. मोहाच्या पोकळ खोडात शिरली, वर फांद्यांतून निघाली, पट्टा ओलांडून गेली. तिनं डहाळी मारली. हात भाजेपर्यंत मारली. मग पळाली.

कुणाला सांगितलं नाही. दोन एकर जमिनीच्या वनहक्काचा दावा देवरीच्या कचेरीत पडून आहे. आदिवासी नसलेल्यांना तीन पिढ्यांची वहिवाट दाखवावी लागते. तिच्याकडे आजेसासऱ्याच्या नावाचा एकच फाटका कागद आहे, आणि त्यात लिहिलंय: मोहाच्या झाडाजवळील वाहिती. जंगल जाळणाऱ्याचा दावा कोण मंजूर करील?

झाड २०. जिवंत. गोल.

झाड २६. जिवंत. योगेश्वरी खोडापेक्षा खालीच जास्त बघते. बिल्ला नसलेल्या शेजारच्या झाडाशी गेली, पायानं राख उकरली. तिथं गोल नव्हता.

झाड ३३. जिवंत.

झाड ४१. धावडा. ८३, आता ८५. जिवंत. गोल.

"झाले काय?" दुलीचंद लांबून ओरडला.

"एक्केचाळीस. सब जिंदा," योगेश्वरी म्हणाली. आवाज विचित्र होता.

"मंग लिवा ना, जंगल वाढलं! माह्या बीटमंदी असंच पायजे."

"कागदावर तर तेच निघतंय." मग ती अल्काजवळ आली, आवाज खाली करून म्हणाली, "ताई, आगीच्या आधी इथं झाडू कुणी मारला?"

"वारा असते ना मॅडम. पाला उडते."

"नंबर बघून उडतो?"

अल्काच्या हातातला टेप खाली पडला. तिनं उचलला नाही.

"मले काही मालूम नाही."

"मी काही बोलत नाही, ताई." योगेश्वरीची पेन्सिल शेवटच्या रकान्यावर होती: नुकसान असल्यास कारण. "रिकामा सोडला तर रिपोर्ट जाईल की इथं काहीच जळलं नाही. आणि लिहिलं की कुणीतरी मुद्दाम पाला झाडला, मग जाळलं, तर नाव विचारतील. बिडीनं गोल नाही पडत ना. तूच सांग, क्या करूं?"

दुलीचंद बाटलीतलं पाणी पीत होता. त्याच्यामागं उताराच्या तळाशी पायवाट दिसत होती, गुरांची. दोन महिने झाले, त्या वाटेनं गुरं आली नव्हती. गावची गुरं आता शालीकरामकडे कुणी सोडत नाही, ज्याची तो बांधून ठेवतो. शालीकराम अल्काच्याच वस्तीतला. परवा तो बुद्धविहाराच्या पायरीवर बसला होता. तिला म्हणाला होता, "सूनबाई, मी बिडी सोडून चार वर्षं झाली वं. कोनी ऐकूनच नाही राहिलं." तिनं पदर डोक्यावर ओढला होता आणि चालत राहिली होती.

अल्कानं टेप उचलला. दोरी ओलांडली.

"ताई, चौकोन इथपर्यंतच आहे."

ती मोहाशी जाऊन थांबली. खोड एका बाजूनं उघडं पडलं होतं, आत माणूस बसेल एवढी काळी पोकळी. एकटीचा हात पुरत नव्हता. योगेश्वरीनं येऊन टेपचं दुसरं टोक धरलं, आणि दोघींच्या मधे ते मेलेलं झाड आलं.

झाड ४२. मोह. बिल्ला नाही. आधीची नोंद नाही. आता ३१२. स्थिती: मेलेलं.

"कारन लिवा," अल्का म्हणाली.

"सोच लो, ताई."

"लिवा. पाला गोळा केला. तुमचे नंबर वाचवाले. ढीग इथं टाकला." ती खोडाकडे तोंड करून पुटपुटली. "लावली मी."

योगेश्वरीला खोडापलीकडून शेवटचं ऐकू आलं नाही. "काय? कुणी?"

दुलीचंद उठला होता. पँटवरची राख झटकत, टोपी घालत, इकडेच येत होता. "काय हाय वं तिकडं? चौकोनाच्या बाहेर काय मोजून राहिल्या?"

पंधरा पावलं. दहा. अजूनही गप्प बसता आलं असतं. योगेश्वरीनं पेन्सिल कागदावरून उचलून धरली होती.

"कुणी, ताई?"

अल्कानं टेप घट्ट धरला, खोड पडू नये म्हणून धरावा तसा. 

दुसऱ्यांदा ती मोठ्यानं बोलली.